पत्र्याच्या कामात थ्रीडी घेतलं, पण ब्लँक जुळत नाही. डिझाइन खात्यात नेमकं काय बदलायचं?

पॅनेलवाली

नमस्कार मंडळी,

कंट्रोल पॅनेलची कपाटं, मशीनचे गार्ड आणि किरकोळ ब्रॅकेट असं शीट मेटलचं काम आहे. माल मुख्यतः १.६ आणि २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलादी पत्रा), थोडा १.५ मिमी एसएस ३०४ (स्टेनलेस). आतापर्यंत सगळं टूडी ऑटोकॅडमध्ये चालायचं. ब्लँकची (वाकवण्याआधीच्या सपाट तुकड्याची) मापं एका जुन्या एक्सेल शीटमधून काढायची, डीएक्सएफ (टूडी रेषांची फाइल) बाहेर लेझरवाल्याकडे पाठवायची आणि बेंडिंग कारखान्यातल्याच सीएनसी प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर). आता थ्रीडी पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर आलंय. अडचणी अशा:

१. सॉफ्टवेअरचा फ्लॅट पॅटर्न (मॉडेल उलगडून काढलेला सपाट आकार) आणि एक्सेलचा ब्लँक जुळत नाहीत. चार बेंडच्या जॉबला दीड मिमीच्या वर फरक येतो. खरं कुणाचं धरायचं?

२. मॉडेल आहे तर ड्रॉइंग कशाला, असा एक सूर आहे. लेझरवाला तर म्हणतो फक्त स्टेप फाइल (थ्रीडी आकाराची फाइल) द्या.

३. ॲनालिसिसचं बटण त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ‘आता ब्रॅकेटचं स्ट्रेसही तुम्हीच काढा’ असं वरून आलंय.

४. जुनी टूडी ड्रॉइंग्ज हजारोंनी पडली आहेत. ती सगळी थ्रीडीत करायची का?

सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, त्यांच्या लिंक नकोत. काम कुठे फसतं ते सांगा.

---

पत्रा_आणि_परिमाण

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचं सगळं शोभेचं आहे.

तुमच्या एक्सेलने आणि सॉफ्टवेअरने वेगवेगळी त्रिज्या आणि वेगळा के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) धरलाय, एवढाच घोळ आहे. एक्सेलमधले आकडे कधीतरी कुणीतरी तुमच्याच मशीनवर पट्टी वाकवून काढलेले असणार. सॉफ्टवेअरमधला आकडा मात्र टेम्प्लेटसोबत आलेला असतो: सॉलिडवर्क्स ०.५ धरतं, इन्व्हेंटर ०.४४. तुमची डाय (पत्रा ज्या व्ही खाचेत दाबून वाकवतात ती) या दोघांनीही पाहिलेली नाही.

एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) आतली त्रिज्या मुख्यतः डायच्या व्ही-ओपनिंगवर (खाचेच्या रुंदीवर) ठरते, वरून दाबणाऱ्या पंचाच्या टोकाचा त्यात फारसा हात नसतो. एमएसला (साध्या पोलादाला) ती ओपनिंगच्या साधारण १६ टक्के येते, एसएसला २० टक्के किंवा थोडी जास्तच. २ मिमी पत्र्याला जाडीच्या आठपट म्हणजे १६ ची व्ही लावली की त्रिज्या २.६ च्या आसपास. ड्रॉइंगवर मात्र सवयीने ‘आर २’ लिहिलेलं असतं, तेच मॉडेलमध्ये जातं आणि फ्लॅट पॅटर्न तिथेच बिघडतो.

हिशेब ९० अंशाच्या बेंडचा:

बेंड अलाउन्स = १.५७०८ × (त्रिज्या + के × जाडी)
बेंड डिडक्शन = २ × (त्रिज्या + जाडी) − बेंड अलाउन्स
ब्लँक = बाहेरच्या मापांची बेरीज − बेंडची संख्या × डिडक्शन

आता पट्ट्या मारा. २ मिमी सीआरसीएच्या १०० × ५० च्या चार पट्ट्या लेझरवर कापून घ्या, दोन रोलिंगच्या दिशेने आणि दोन आडव्या. बर (कापल्यावर कडेला राहिलेला खरबरीतपणा) काढा. लांबी खरोखर १०० आहे का ते डिजिटल व्हर्निअरने बघा, जाडी मायक्रोमीटरने. ‘दोन मिमी’ म्हणून आलेला पत्रा १.९ भरणं नवलाचं नाही. मधोमध ९० अंशात बेंड मारा. कोन बेव्हल प्रोट्रॅक्टरने तपासल्याशिवाय पुढचं माप घेऊ नका, कारण ८९ चा बेंड मोजून काढलेलं डिडक्शन पुढे सगळीकडे चुकीचं पसरतं. मग दोन्ही फ्लँज (बेंडच्या दोन बाजू) बाहेरून मोजा. समजा ५१.९० आणि ५१.८० आले. बेरीज १०३.७०, म्हणून डिडक्शन ३.७०. रेडियस गेजने त्रिज्या २.६ निघाली तर के येतो ०.४५.

तुमचा दीड मिमीचा फरक बघा कुठून येतो. सॉफ्टवेअरमध्ये आर २ आणि के ०.५ ठेवलं तर डिडक्शन निघतं ३.२९. खरं ३.७०. बेंडमागे ०.४१, चार बेंडला १.६५ मिमी. ब्लँक तेवढा लांब निघतो आणि शेवटी कपाटाचा दरवाजा चौकटीत बसत नाही.

सल्ला असा, की के-फॅक्टर आकडा म्हणून भरतच बसू नका. सॉफ्टवेअरमध्ये बेंड टेबल किंवा गेज टेबल जोडता येतं. त्यात प्रत्येक ओळ मटेरियल, जाडी, व्ही-ओपनिंग, मोजलेली त्रिज्या आणि मोजलेलं डिडक्शन अशी भरा. ओळीच्या नावातच व्ही असू द्या: ‘सीआरसीए २.० व्ही१६’. कारण ऑपरेटरने तोच पत्रा १२ च्या व्हीवर मारला तर त्रिज्या १.९ वर येते आणि डिडक्शन ३.४ होतं. म्हणजे कुठली डाय लावायची हे आता डिझाइनरने ठरवून ड्रॉइंगवर लिहायचं. पूर्वी हे प्रेस ब्रेकवाला ठरवायचा आणि ब्लँक थोडा मोठा ठेवून शेवटी शिअरवर (पत्रा कातरायच्या मशीनवर) छाटायचा. लेझरने भोकांसकट नेमका ब्लँक कापून आल्यावर छाटायला जागाच उरत नाही. तुमच्या खात्याच्या कामात पडलेला सगळ्यात मोठा फरक माझ्या मते हाच आहे.

अजून एक, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. प्रेस ब्रेकचा कंट्रोलर स्वतःचं डिडक्शन धरून बॅकगेज (पत्रा टेकवायचा मागचा थांबा) सरकवतो. कॅडमध्ये ३.७० आणि कंट्रोलरमध्ये ३.४० असेल तर सुरुवातीचे फ्लँज बरोबर येतात आणि सगळी चूक शेवटच्या फ्लँजवर जाऊन साठते. मग दोष बेंडिंगवाल्याला मिळतो. दोन्हीकडे एकच टेबल असलं पाहिजे.

सॉफ्टवेअर जे बिनतक्रार काढून देतं पण मशीनवर होत नाही, ते हे:

फ्लँज फार आखूड. १६ च्या व्हीवर फ्लँज बाहेरून किमान १२ मिमी हवा, नाहीतर पत्र्याची कड डायच्या खांद्यावरून आत घसरते. मॉडेलमध्ये ८ चा फ्लँज दिमाखात उभा राहतो.

बेंडजवळचं भोक. भोकाची कड आणि वाकलेल्या दुसऱ्या बाजूचा आतला पृष्ठभाग यांत किमान दोन जाड्या अधिक त्रिज्या एवढं अंतर ठेवा, म्हणजे २ मिमीला साधारण ७ मिमी. त्याच्या आत भोक अंडाकृती होतं. टाळता येत नसेल तर बेंडच्या रेषेवर चीर द्या.

खोल आणि अरुंद यू, वर आत वळलेली रिटर्न. चौथा बेंड मारताना पंच आधीच्या फ्लँजला आपटतो. गूजनेक पंच (मध्ये खोल वळसा असलेला) आहे का, त्याचा घसा किती खोल आहे, हे बघूनच डिझाइन करा. फ्लॅट पॅटर्न उलगडला म्हणजे जॉब वाकतो असं नव्हे.

डीएक्सएफ पाठवताना बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर, आणि लेझरवाल्याशी ठरवून घ्या की तो लेयर कापायचा नाही. एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाका, लेझर तिथे दोनदा फिरतो आणि कड जळते. युनिट मिमी, स्केल १:१. फाइल उघडून एक बाहेरचं माप घ्या; ५०८ च्या जागी २० दिसलं तर ती इंचात गेली आहे. स्प्लाइन (मुक्त वळणाच्या रेषा) असतील तर त्या आर्कमध्ये बदला, नाहीतर शेकडो बारीक तुकडे होतात आणि मशीन तिथे अडखळत चालतं.

---

कच्चा_माल

पत्रा साहेबांशी बहुतांशी सहमत. पण दोन भोकांच्या सपाट प्लेटसाठी थ्रीडी मॉडेल, त्यावरून ड्रॉइंग, त्यावरून डीएक्सएफ हा उद्योग मला कधीच पटला नाही. टूडीत पाच मिनिटांचं काम. थ्रीडी हवं ते बेंड असलेल्या आणि एकमेकांत बसणाऱ्या पार्टला.

---

ट्रेसिंगपेपर

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. ड्रॉइंग लागेलच.

बोर्डवर काम चालायचं तेव्हा डिझाइनर स्केच द्यायचा, ड्राफ्ट्समन पेन्सिलीत काढायचा, ट्रेसर ट्रेसिंगवर शाईने गिरवायचा, चेकर तपासायचा आणि मग अमोनिया प्रिंट शॉपमध्ये जायची. एक रेष बदलायची तर ब्लेडने शाई खरडावी लागे, कागद फाटायची भीती. त्या कटकटीमुळेच माणूस रेष मारण्याआधी विचार करायचा. १९८२ साली ऑटोकॅड आलं, त्यात रेष पुसणं फुकट झालं. १९८० च्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनियर आणि १९९५ साली साध्या विंडोज पीसीवर चालणारं सॉलिडवर्क्स आलं, तेव्हा तर एक माप बदललं की सगळे व्ह्यू आपोआप बदलू लागले. ट्रेसर गेला, त्याचं दुःख करायचं कारण नाही. पण चेकरही त्याच्याबरोबर गेला. टायटल ब्लॉकमध्ये ड्रॉन, चेक्ड, ॲप्रूव्हड या तिन्ही चौकटी आजही असतात आणि पुष्कळ ठिकाणी तिन्हींत एकाच माणसाची आद्याक्षरं असतात.

चेकरचं काम संपलेलं नाही, फक्त बदललंय. समोरचा आणि बाजूचा व्ह्यू जुळतो का हे तपासायची आता गरज नाही, एकाच मॉडेलवरून आलेत म्हटल्यावर जुळणारच. तपासायचं ते वेगळं:

प्रोजेक्शन. म्हणजे कुठला व्ह्यू कुठल्या बाजूला मांडायचा ती पद्धत. आपल्याकडे फर्स्ट अँगल. सॉफ्टवेअरचं अमेरिकन टेम्प्लेट तसंच वापरलं तर ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये निघतं. शॉपमधल्या माणसाने सवयीने फर्स्ट अँगल वाचलं की डावा ब्रॅकेट उजवा होऊन येतो. चिन्ह बघा, आणि पत्र्याच्या ड्रॉइंगवर फ्लॅट पॅटर्नमध्ये प्रत्येक बेंडपाशी ‘वर ९०’ किंवा ‘खाली ९०’ असं लिहा. कोपऱ्यात एक आयसोमेट्रिक व्ह्यू टाका, तेवढ्याने निम्मे घोळ मिटतात.

दशांश. सॉफ्टवेअर आपल्या मनाने ४५०.०० असं माप टाकतं. टायटल ब्लॉकमध्ये ‘दोन दशांशाला ±०.१’ असं छापलेलं असेल तर तुम्ही नकळत पत्र्याच्या कपाटाला मशिनिंगचा टॉलरन्स (मापात चालणारी कमीजास्त) मागितलात. एकतर व्हेंडर दुप्पट भाव लावेल किंवा ड्रॉइंगकडे दुर्लक्ष करायला शिकेल. दुसरं जास्त वाईट. आयएसओ २७६८ चा ‘एम’ वर्ग धरला तर १२० ते ४०० मिमीला ±०.५ आणि ४०० ते १००० ला ±०.८ मिळतो, कपाटाच्या बाहेरच्या मापांना तेवढा पुरतो. जाता जाता: जुन्या टेम्प्लेटवर ‘२७६८-एमके’ असतं. त्यातला ‘के’ ज्या दुसऱ्या भागातून यायचा तो भाग २०२१ साली मागे घेतला गेला, त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आहे. टेम्प्लेट सुधारून घ्या.

दरवाजाची फट. स्क्रीनवर ती चारही बाजूंनी ३ मिमी सुरेख दिसते. साखळीत चार बेंड आहेत आणि प्रत्येक ±०.३ धरला तर वाईटात वाईट ±१.२, वर्गमुळाच्या पद्धतीने ±०.६. शिवाय २५ मिमी फ्लँजचा कोन १ अंशाने उघडा राहिला तर टोकाशी ०.४४ मिमी सरकतं. आणि पावडर कोटिंगची जाडी ६० ते ८० मायक्रॉन प्रत्येक पृष्ठावर, म्हणजे भोकाचा व्यास सुमारे ०.१५ ने कमी होतो. ६.० चं भोक आणि एम६ बोल्ट असा मॉडेलमध्ये शून्य फटीचा संसार असेल तर तो रंगकामानंतर मोडतो. ६.६ ठेवा.

आता ‘फक्त स्टेप द्या’. स्टेपमध्ये नुसता आकार जातो. टॉलरन्स, फिनिश, थ्रेड जात नाहीत. एपी २४२ प्रकारच्या स्टेपमध्ये ते जाऊ शकतात, पण तुमच्या आणि व्हेंडरच्या दोघांच्याही सॉफ्टवेअरला ते लिहिता-वाचता आलं पाहिजे. टर्निंगच्या पार्टचं उदाहरण घ्या: २५ जी६ ची पिन (२५ व्यास, जी६ हा टॉलरन्सचा वर्ग). टॉलरन्स −०.००७ ते −०.०२०. मॉडेलमध्ये व्यास २५.००० काढलेला असतो. कॅमवाल्याने (मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम काढणाऱ्याने) स्टेपवरून जसाच्या तसा टूलपाथ काढला तर पिन ओव्हरसाइझ, एच७ वर्गाच्या भोकात अडकू शकते. त्यामुळे ड्रॉइंग जोडा किंवा असे व्यास मॉडेलमध्येच मधल्या मापावर म्हणजे २४.९८६५ वर काढा आणि तसं लिहून ठेवा. दोन्ही अर्धवट करू नका.

रिलीजची पद्धत एवढी तरी हवी: पीडीएफ, डीएक्सएफ आणि स्टेप या तिन्ही फायली एकाच रिव्हिजनच्या, रिव्हिजन फाइलच्या नावात, रिलीज झालेल्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी एकाच माणसाला. जुना आणि नवा पार्ट एकमेकांच्या जागी चालत असतील तर रिव्हिजन वाढवा. चालत नसतील तर नवा पार्ट नंबर, तिथे काटकसर नको. आणि असेंब्लीतल्या फाइलचं नाव विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन कधीही बदलू नका. असेंब्ली त्या फाइलला नावाने आणि पत्त्याने ओळखते, नाव बदललं की ती हरवली. सॉफ्टवेअरच्याच रीनेम आणि पॅक-अँड-गोने करा.

तपासणी पडद्यावर करू नये असं माझं ठाम मत आहे. ए३ वर प्रिंट काढा, ज्याने काढलं नाही त्याच्या हातात द्या. बरोबर मापावर पिवळा हायलायटर, चुकीवर लाल पेन. सगळी मापं पिवळी होईपर्यंत सही नाही.

---

पॅनेलवाली

पत्रा दादा, ट्रेसिंगपेपर काका, फार उपयोगी. इथे टेम्प्लेट थर्ड अँगलचंच आहे, आत्ता उघडून बघितलं. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर कुणी लिहील का? आणि एसएस ३०४ ला १.५ मिमीसाठी १२ ची व्ही आहे, त्याला सुरुवातीला कुठला आकडा धरू?

---

मेश_मास्तर

ॲनालिसिसचं बटण दाबायला सोपं आहे, हीच अडचण. मटेरियल द्या, एक बाजू फिक्स करा, फोर्स लावा, रंगीत चित्र तयार. चित्र नेहमीच येतं, चुकीच्या गृहीतकावरही.

नियम एक: उत्तराचा अंदाज हाताने काढल्याशिवाय बटण दाबू नका. ५० × १० ची पट्टी, ३०० मिमी बाहेर आलेली, टोकाला ५०० न्यूटन. जडत्व घूर्ण ५० × १० × १० × १० भागिले १२, म्हणजे ४१६७ मिमी⁴. झुकाव = ५०० × ३००³ भागिले (३ × २,००,००० × ४१६७) = ५.४ मिमी. स्ट्रेस १८० एमपीए. माल ई२५० (२५० एमपीए यील्डचं पोलाद) असेल तर यील्डपर्यंत, म्हणजे कायमचं वाकायला लागेपर्यंत, १.४ पटच जागा आहे, हे कागदावरच कळलं. आता हेच सॉफ्टवेअरमध्ये करा. ५.४ च्या दोन-चार टक्क्यांत आलं तर तुमची सेटिंग बरोबर आहे. ३ मिमीच आला तर बहुधा मेश (गणितासाठी पार्टचे केलेले बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट) फर्स्ट ऑर्डर टेट्राचा, म्हणजे सरळ कडांच्या चार-फलकी तुकड्यांचा, आहे आणि जाडीत एकच एलिमेंट आहे. असा मेश वाकण्यात खोटा ताठपणा दाखवतो, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला जाते. सेकंड ऑर्डर (कडेच्या मध्येही बिंदू असलेले) घ्या, जाडीत निदान दोन एलिमेंट.

२ मिमी पत्र्याचं कपाट मात्र सॉलिड मेशने करूच नका. शेल एलिमेंट (सपाट तुकडे, जाडी फक्त आकड्याने दिलेली) वापरा, नाहीतर एलिमेंटची संख्या इतकी वाढते की कॉम्प्युटर बसतो, किंवा मेश इतका जाड होतो की उत्तराला अर्थ राहत नाही.

आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यातला लाल ठिपका. मेश बारीक करत जा, तिथला स्ट्रेस वाढतच जाईल: ३००, ४२०, ६००. त्याला अंत नाही, कारण शून्य त्रिज्येच्या कोपऱ्यात गणितानेच तो अमर्याद आहे. त्या आकड्यावरून ब्रॅकेट जाड करायचा नसतो. खरी फिलेट किंवा बेंडची त्रिज्या मॉडेलमध्ये टाका, तीन वेगवेगळ्या मेशवर चालवा, शेवटच्या दोन उत्तरांत ५ टक्क्यांहून कमी फरक पडला की तो आकडा घ्या. बरेच जण मेश सोपा व्हावा म्हणून फिलेट काढून टाकतात आणि मग नेमका तिथलाच स्ट्रेस वाचतात!

बोल्टने बसणाऱ्या ब्रॅकेटची पाठ ‘फिक्स्ड’ धरली तर ती अख्खी भिंतीला चिकटवल्यासारखी होते. प्रत्यक्षात तो चार बोल्टवर असतो, वरचे दोन ओढले जातात, पाठीचा पत्रा बोल्टभोवती वाकतो. भोकांच्या कडा धरा आणि मागे संपर्क द्या, झुकाव लगेच वाढलेला दिसेल.

अजून दोन. चित्रातला झुकाव मुद्दाम फुगवून दाखवलेला असतो, स्केल ५० किंवा २०० पट असू शकतो. साहेबांना चित्र दाखवण्याआधी तो आकडा वाचा. आणि लिनियर स्टॅटिकमध्ये (नेहमीच्या साध्या रनमध्ये) बकलिंग (दाबाखाली अचानक बाजूला लचकणं) दिसत नाही. उंच दरवाजा, पातळ पत्रा, दाबाखालचा खांब असेल तर बकलिंगचा वेगळा रन लागतो. दरवाजा हलवल्यावर थडथडतो ती तक्रार तर स्ट्रेसची नसतेच, ती ताठपणाची असते. तिथे मागे एक हॅट सेक्शन (टोपीच्या आकारात वाकवलेली पट्टी) लावलेला सगळ्या ॲनालिसिसपेक्षा स्वस्त पडतो.

---

शिरोलीकर

धागा पत्र्याचा आहे, पण कास्टिंगवाल्यांचंही हेच रडगाणं असल्याने थोडक्यात. कोल्हापुरात फाउंड्रीला आता लाकडी पॅटर्नच्या (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्याच्या) ड्रॉइंगऐवजी थ्रीडी मॉडेल येतं. ग्रे आयर्नला (बिडाला) थंड होतानाचं आकुंचन साधारण १ टक्का धरतात. डिझाइनर मॉडेल १.०१ ने मोठं करून पाठवतो, पॅटर्न शॉप सवयीने परत १.०१ लावतं. ५०० मिमीचं माप ५०५ व्हायचं ते ५१० होतं आणि ॲल्युमिनियमचा महागडा पॅटर्न भंगारात. फाइलच्या नावातच ‘फिनिश्ड’, ‘रॉ’ किंवा ‘पॅटर्न, श्रिंकेज लावलेलं’ असं लिहा.

वजनाचंही तसंच. कोटेशन किलोवर असतं. मॉडेलला मटेरियल स्टील राहिलं तर घनता ७.८५, ग्रे आयर्नची ७.२. भावात ९ टक्क्यांची चूक. मटेरियल दिलंच नाही तर काही सॉफ्टवेअर पाण्याची घनता धरतात, ते निदान लगेच ओळखू तरी येतं.

---

पत्रा_आणि_परिमाण

चौथा प्रश्न. सगळी जुनी ड्रॉइंग्ज थ्रीडीत करायचा नाद सोडा. ऑर्डर पुन्हा आली की त्या पार्टचं मॉडेल करा, तोपर्यंत पीडीएफ आहे तिथे राहू द्या. टूडीवरून थ्रीडी करताना जुनं ड्रॉइंग बरोबरच असेल असं समजू नका. शॉपमध्ये पेनाने केलेल्या दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये गेलेल्या नसतात. ऑपरेटरच्या कपाटातली तेलकट प्रिंट मागून घ्या, खरं ड्रॉइंग ते आहे.

जास्त फायदा आहे तो एकाच घराण्यातल्या कपाटांचं एक पॅरामेट्रिक मॉडेल करण्यात. उंची, रुंदी, खोली, पत्र्याची जाडी एवढे व्हेरिएबल, बाकी सगळं त्यावरून. मात्र ते चुकीचं बांधलं तर दुसऱ्याच साइझला कोसळतं. सांभाळायच्या गोष्टी: स्केच मापांनी पूर्ण बांधलेलं हवं, निळी (अजून सैल) रेष एकही नको. मेट (पार्ट एकमेकांना जोडायच्या अटी) आणि मापं मुख्य प्लेनवरून घ्या, फिलेटच्या कडेवरून किंवा उद्या नाहीशा होऊ शकणाऱ्या फेसवरून नको. तो फेस गेला की त्याच्यावर टांगलेली पुढची दहा फीचर लाल होतात. सजावटीचे फिलेट आणि चॅम्फर सगळ्यात शेवटी. एका पार्टचं माप दुसऱ्या पार्टमध्ये घेऊन, दुसऱ्याचं परत पहिल्यात घेऊ नका; असेंब्ली प्रत्येक रिबिल्डला थोडी थोडी सरकत राहते आणि कारण सापडत नाही. सामायिक मापं एका स्केलेटन पार्टमध्ये ठेवा, बाकीच्यांनी तिथूनच उचलायची.

मग दोन्ही टोकं ताणून बघा: ४०० × ३०० × २०० पासून २००० × ८०० × ६०० पर्यंत. लहान टोकाला बिजागरीची भोकं बेंडवर चढतात, मोठ्या टोकाला ब्लँक पत्र्याच्या शीटबाहेर जातो. १२५० × २५०० च्या शीटमध्ये बसतो का, ही अट मॉडेलमध्येच समीकरणाने घाला. हिशेब असा: २००० उंचीच्या दोन बाजू आणि पाठ एकाच पत्र्यात करायची तर ६०० + ८०० + ६०० म्हणजे फ्लँज सोडूनच २००० झाले. १२५० च्या शीटमधून ते निघत नाही, पाठ वेगळी करावी लागते. मॉडेलने हे आपणहून सांगितलं पाहिजे, लेझरवाल्याच्या फोनवरून कळायला नको.

---

कच्चा_माल

एक भर: टूलबॉक्समधले बोल्ट-नट प्रत्येकाच्या पीसीवर वेगळ्या ठिकाणी असतील तर दुसऱ्याने असेंब्ली उघडल्यावर एम६ चा एम१२ झालेला दिसतो. फास्टनरचं एकच फोल्डर सर्व्हरवर ठेवा आणि सगळ्यांचा पत्ता तिथे वळवा. बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी) त्यातूनच निघतं, तिथे बोल्ट चुकला की स्टोअरमध्ये पेटीभर चुकीचा माल येतो.

---

पत्रा_आणि_परिमाण

आणि हो, एसएस ३०४ चा आकडा राहिला. १.५ मिमी, १२ ची व्ही: त्रिज्या २.४ च्या आसपास धरा, के ०.४५, डिडक्शन सुमारे २.९७ येतं. ३.० धरून चार पट्ट्या मारा आणि आलेला आकडा टेबलात टाका. स्प्रिंगबॅक एमएसपेक्षा जास्त असेल, ८५ किंवा ८६ अंशाचा पंच आणि तशीच डाय लागेल. ८८ च्या जोडीवर ९० पर्यंत पोचताना पत्रा डायच्या तळाला टेकू शकतो. पट्टीवरचा पीव्हीसी फिल्म मोजण्याआधी सोलून टाका, पण बेंड मारताना राहू द्या, नाहीतर डायचे ओरखडे उठतात.